मृगयेतील तिऱ्हाईत : हरिण, लांडगा आणि शिकारविषयक लेखन

प्रस्तावना

शिकारीविषयी जे लेखन आपल्याकडे झाले, त्यात बहुधा दोनच पात्रे असतात. एक शिकारी आणि दुसरे सावज. शिकारी राजा असो, साहेब असो वा पारधी असो. सावज काळवीट असो वा चितळ असो. लेखकाचे आणि वाचकाचे लक्ष या दोघांमधील अंतरावर खिळलेले असते. बाण सुटतो की नाही, गोळी लागते की नाही, सावज निसटते की पडते, एवढ्यावरच कथेचा ताण उभा राहतो. शिकारीचा गौरव करणारे लेखन आणि शिकारीचा निषेध करणारे लेखन ही दोन्ही वरवर परस्परविरोधी भासली, तरी या द्विपात्री मांडणीबाबत त्यांच्यात एकवाक्यता आढळते. पहिले शिकाऱ्याच्या बाजूने बोलते, दुसरे सावजाच्या बाजूने.

वास्तवात मात्र मृगयेला एक तिऱ्हाईत असतो. ज्या माळावर माणूस हरणाची शिकार करतो, त्याच माळावर हरणावरच जगणारा दुसरा शिकारी वावरत असतो. दख्खनच्या पठारापुरते बोलायचे, तर हा तिऱ्हाईत म्हणजे लांडगा. लांडग्याच्या मुलखात मारलेले हरिण हे कोणाच्या तरी ताटातून उचललेले असते, ही साधी गोष्ट शिकारविषयक लेखनात क्वचितच नोंदवली गेली. प्रस्तुत लेखात या अनुल्लेखाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. हा अनुल्लेख केवळ वाङ्मयीन उणीव नसून त्याची किंमत लांडग्याने, मेंढपाळाने आणि पारध्याने मोजलेली आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सोपाऱ्याचा शिलाखंड

या विषयाचा आरंभ तुळिंजच्या परिसरातून करणे सयुक्तिक ठरेल. तुळिंज हा आज नालासोपाऱ्याचा रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील दाट वस्तीचा भाग आहे. रुळांच्या पश्चिमेस जुने सोपारा गाव, म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या लेखाचा एक तुटका शिलाखंड येथे त्यांच्या हाती आला. हा खंड अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आहे. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचाही एक तुकडा या परिसरात सापडला.

चौदा लेखांपैकी नेमका आठव्याचा तुकडा येथे शिल्लक राहावा, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत आणि त्या यात्रांत मृगया व तत्सम करमणुकी होत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोकाने बोधिस्थानाची यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेची जागा धर्मयात्रेने घेतली, असा या लेखाचा आशय आहे. राजाने शिकार सोडल्याची ही जाहीर नोंद आहे. गिरनार येथील पहिल्या शिलालेखात यासंबंधीचा आणखी एक तपशील येतो. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात आणि त्यातही हरिण नेहमी मारले जात नाही. पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत, असे तेथे म्हटले आहे.

या लेखांची नैतिक थोरवी निर्विवाद आहे. तथापि चिकित्सक दृष्टीने पाहता त्यांतील मांडणीही द्विपात्रीच आहे. राजा आणि प्राणी, मारणारा आणि मरणारा. संरक्षित प्राण्यांची यादी देणाऱ्या पाचव्या स्तंभलेखात लांडग्याचे नाव नाही. मात्र यादीच्या अखेरीस, जे चतुष्पाद उपयोगाचे नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, ते सर्व अवध्य ठरवले आहेत. लांडग्याला अभय मिळालेच असेल, तर ते या निनावी वर्गात, निरुपयोगी म्हणून मिळाले असले पाहिजे. दुसरी बाब अशी की, तेराव्या लेखात अशोकाने अटवीत राहणाऱ्या लोकांना समजुतीसोबत इशाराही दिला आहे. राजाची मृगया हा शौक होता, तो सोडता येत होता. अटवीतील माणसाची शिकार हा शौक नव्हता. शिकारबंदीच्या इतिहासात हा भेद पुन्हा पुन्हा पुसला गेला. त्याचे परिणाम पुढे पाहू.

आश्रमाची सीमा आणि युधिष्ठिराचे स्वप्न

संस्कृत साहित्यात मृगयेचे सर्वांत परिचित चित्र ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात आहे. रथातून हरणाचा पाठलाग करणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवतात. हा आश्रमातील मृग आहे, तो मारू नये, असे ते सांगतात आणि राजा बाण आवरतो. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो, तर विदूषक तिच्या दगदगीला वैतागलेला असतो. येथे हरणाला मिळणारे अभय हे हरिण म्हणून नाही, आश्रमाच्या हद्दीत आहे म्हणून मिळते. हद्दीबाहेरच्या हरणाविषयी नाटक काही बोलत नाही. आधुनिक अभयारण्याची कल्पना आणि कण्वाश्रमाची सीमा यांतील साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे; मर्यादाही तीच आहे. आश्रमात लांडगा नाही. तेथील मृग इतका माणसाळलेला आहे की, चौथ्या अंकात निघालेल्या शकुंतलेचे वस्त्र तो मागून ओढतो. जे भक्षकापासून मुक्त तेच रमणीय, असा सौंदर्यविचार या चित्रामागे उभा आहे.

याउलट महाभारताच्या वनपर्वात एक विलक्षण प्रसंग येतो. पांडव द्वैतवनात राहत असताना युधिष्ठिराच्या स्वप्नात मृग येतात. आमच्यापैकी आता थोडेच, बियाण्यापुरते उरले आहेत. आमची वाढ व्हावी यासाठी तुम्ही निवासस्थान बदलावे, अशी विनंती ते करतात आणि युधिष्ठिर ती मान्य करतो. येथे प्रश्न एका हरणाच्या प्राणाचा नाही, कळपाच्या टिकण्याचा आहे. शिकार पाप आहे की नाही यापेक्षा ती किती व्हावी आणि कोठे थांबावी, हा विचार येथे केंद्रस्थानी आहे. त्याच ग्रंथाच्या उद्योगपर्वात वन आणि वाघ एकमेकांना राखतात, असा दृष्टांत येतो. वाघ नसेल तर वन तोडले जाते आणि वन नसेल तर वाघ मारला जातो. म्हणजे तिऱ्हाइताची जाणीव परंपरेला नव्हतीच, असे म्हणता येणार नाही. ती होती, परंतु तो मान वाघाला मिळाला. वृक, म्हणजे लांडगा, महाभारतात उरला तो मुख्यतः भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात, न शमणाऱ्या भुकेची खूण म्हणून.

मराठी भाषेतील हरिण आणि लांडगा

भाषा ही समाजाच्या दृष्टिकोनाची विश्वसनीय साक्षीदार असते. हरणाने मराठीला मृगनयना, हरिणाक्षी, मृगजळ हे शब्द दिले. पावसाळ्याची चाहूल देणारे मृग नक्षत्र दिले. शिकारीला ‘मृगया’ हे नावही मृगावरूनच मिळाले. लांडग्याने काय दिले? ‘लांडगेतोड’ आणि ‘लांडगा आला रे आला’. एक शब्द टोळीने तुटून पडण्याचा, दुसरा खोट्या हाकाटीचा. हरिण सौंदर्य, चांचल्य आणि निष्पापपणा यांचे प्रतीक झाले, तर लांडगा लबाडी व अधाशीपणा यांचे. कोकणच्या किनारपट्टीवरील मुलालाही लांडगा ठाऊक असतो तो गोष्टीतून. ही ओळख आधी होते आणि प्राण्याशी गाठ नंतर पडते. बहुतेकांची तर ती पडतच नाही.

भाषेत आणखी एक गोंधळ आहे. आपण ज्यांना सरसकट हरणे म्हणतो, त्यांत दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर, भेकर ही जंगलातील खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे ठरावीक काळाने गळून पडतात व नव्याने उगवतात. काळवीट आणि चिंकारा हे मात्र गाय-शेळीच्या कुळातील. त्यांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर टिकतात. पहिली झाडीच्या आडोशाने राहतात, दुसरी उघड्या माळावर. लांडगा हाही उघड्या माळावरचाच प्राणी. त्यामुळे दख्खनमध्ये लांडग्याचा संबंध येतो तो प्रामुख्याने काळवीट व चिंकारा यांच्याशी. ‘जंगलातले हरिण’ हा आपला रूढ शब्दप्रयोग हा मूळ संबंधच झाकून टाकतो. माळाला आपण जंगल मानत नाही आणि महसुली भाषेत तर त्याला ‘पडीक’ म्हणतो.

माळरानावरील वस्तुस्थिती

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचा अवर्षणप्रवण पट्टा हा महाराष्ट्रातील लांडग्याचा मुख्य मुलूख मानला जातो. येथे १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्यातील नान्नजचा भाग विशेष परिचित आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर-सुपे हे चिंकाऱ्यांसाठीचे अभयारण्य १९९७ चे, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्यांचा एक कळप ज्या मुलखात फिरतो, त्याच्या तुलनेत ही क्षेत्रे अगदी लहान आहेत. काळविटाला येथे आश्रमाची सीमा मिळाली, लांडग्याला ती पुरण्याजोगी नाही. तो शेते, गायराने, ओढे आणि मेंढवाडे यांच्यामधून वावरतो.

भारतीय लांडग्याची देशातील एकूण संख्या अलीकडच्या अंदाजांनुसार सुमारे तीन हजार आहे. गुजरातमधील वेळावदर येथे यादवेंद्रदेव झाला यांनी आणि नान्नज येथे सतीश कुमार व असद रहमानी यांनी लांडगा व काळवीट यांच्या संबंधाचा अभ्यास केला. अशा अभ्यासांतून समोर येणारे चित्र गोष्टीतल्या लांडग्यापेक्षा वेगळे आहे. जेथे काळवीट पुरेसे आहेत, तेथे ते लांडग्याचे महत्त्वाचे भक्ष्य असते. जेथे ते नाहीत, तेथे शेळ्या-मेंढ्या, ससे, उंदीर व मेलेली जनावरे यांवर तो गुजराण करतो.

येथेच हरणाच्या शिकारीचा खरा परिणाम स्पष्ट होतो. माळावरचे काळवीट आणि चिंकारा बंदुकीने किंवा फाशाने कमी झाले की लांडगा नाहीसा होत नाही, तो मेंढवाड्याकडे वळतो. मेंढपाळाचे नुकसान होते. मग बिळात धूर केला जातो, पिले मारली जातात, मढ्यात विष घातले जाते. हरिण मारणारा एक आणि त्याची भरपाई करणारा दुसराच, असा हा व्यवहार आहे. ज्याने मजेखातर काळवीट मारले, त्याचा माळाशी पुन्हा संबंध येत नाही. मेंढपाळाला मात्र त्याच माळावर पुढच्या सुगीनंतर पुन्हा यायचे असते.

धनगरांचा लांडग्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन एकसुरी नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याला मारणारे आहेत, तसेच लांडग्याने नेलेले मेंढरू हा त्याचा वाटा असे मानणारेही आहेत. ‘वाटा’ या शब्दात तिऱ्हाइताला दिलेली मान्यता आहे. माळावरील उत्पन्नात आपल्याखेरीज आणखी कोणी हक्कदार आहे, ही ती मान्यता होय. सुशिक्षितांच्या शिकारविषयक लेखनात जे सहसा आढळत नाही, ते या एका शब्दात सामावलेले आहे.

शिकाऱ्यांची उतरंड

दख्खनमधील हरणाची शिकार सर्वांनी सारख्याच अधिकाराने केली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले जात. ब्रिटिश अधिकाऱ्यांची शिकार ‘खेळ’ म्हणून गणली गेली. स्वातंत्र्यानंतर जीपगाडी, झगझगीत दिवा आणि बंदूक यांच्या साहाय्याने रात्रीची शिकार सोपी झाली. या तिन्ही वर्गांना समाजात प्रतिष्ठा होती आणि त्यांच्या शिकारीला आठवणींचे, छायाचित्रांचे व शिकारकथांचे वाङ्मय लाभले.

याच काळात फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडून हळूहळू कळपाजवळ जाऊन फास लावत होता. त्याच्या शिकारीला कौशल्य होते, प्राण्यांच्या सवयींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. परंतु प्रतिष्ठा नव्हती. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू झाली आणि १९११ मध्ये तिची व्याप्ती देशभर वाढवण्यात आली. पारधी या शिक्क्याखाली आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त ठरल्या, तरी संशय विमुक्त झाला नाही.

लांडग्याची कथा याला समांतर आहे. वसाहतकालीन राजवटीने लांडग्याला उपद्रवी ठरवून त्याच्या डोक्यावर बक्षीस लावले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा मोहिमांत दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. म्हणजे एकाच कालखंडात, एकाच प्रशासनाने माळावरच्या दोन शिकाऱ्यांना गुन्हेगार ठरवले. एक दोन पायांचा, दुसरा चार पायांचा. दोघेही पोटासाठी शिकार करणारे, दोघेही फिरते, दोघेही सारा न देणारे. ज्यांची शिकार करमणुकीची होती, त्यांना परवाने मिळाले. ज्यांची जगण्याची होती, त्यांना हजेरी आणि बक्षिसाची गोळी मिळाली. ही तुलना पारध्याला पशूच्या पातळीवर नेण्यासाठी केलेली नाही. माळ ज्यांना जगवत होता, त्यांच्याकडे पाहण्याची राज्यसंस्थेची नजर एकच होती, हे दाखवणे एवढाच तिचा हेतू आहे.

राजर्षी शाहू महाराजांचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. ते स्वतः नामांकित शिकारी होते. त्यांनीच १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील गुन्हेगार मानलेल्या जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना आश्रय व रोजगार दिला. शिकार करणारा राजा दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस म्हणून ओळखू शकला, ही घटना शिकारविषयक नैतिक निवाडे सरसकट करू नयेत याची जाणीव करून देते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट, चिंकारा आणि लांडगा या तिघांनाही पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. कागदावर तिऱ्हाईत प्रथमच हरणाच्या बरोबरीने आला. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तथापि लोकमानसात ही बरोबरी उतरली नाही. राजस्थानातील १९९८ चे काळवीट शिकार प्रकरण देशभर गाजले. लांडग्याची पिले बिळात मारली गेल्याच्या घटनेची चर्चा तालुक्याबाहेर जात नाही.

आधुनिक मराठी निसर्गलेखन

आधुनिक मराठीत या विषयाच्या सर्वाधिक जवळ जाणारे दोन लेखक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) आणि मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५). दोघेही दुष्काळी मुलखाचे. माडगूळकर माणदेशातील माडगूळचे, चितमपल्ली सोलापूरचे. म्हणजे दोघेही लांडग्याच्या प्रदेशात जन्मलेले.

माडगूळकरांना शिकारीचा नाद होता. पुढे बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि रेखाटनवहीने घेतली. त्यांच्या निसर्गलेखनाची शक्ती या पूर्वायुष्यात आहे. शिकाऱ्याला लागणारी निश्चलता, वाऱ्याची दिशा ओळखणे, मागावरून प्राणी वाचणे, या साऱ्या गोष्टी त्यांच्या गद्यात उतरल्या आहेत. ‘बनगरवाडी’ (१९५५) मध्ये त्यांनी मेंढरांवर जगणाऱ्या माणसांचे जग मराठी वाचकाला दिले. ‘सत्तांतर’ या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीत वानरटोळीतील सत्तासंघर्ष आहे. या कादंबरीचे मोठेपण असे की, प्राण्यांच्या क्रौर्याला तेथे मानवी नीतीची मोजपट्टी लावलेली नाही. मारणारा नर खलनायक होत नाही आणि पराभूत नर हुतात्मा होत नाही. हीच दृष्टी माळावरच्या लांडग्याकडे वळली असती, तर ‘बनगरवाडी’चे जग आणि ‘सत्तांतर’ची नजर एकत्र आली असती. माणदेशाचा जाणकार वानरांच्या टोळीपर्यंत पोहोचला. घरच्या माळावरच्या टोळीला मात्र त्याच तोडीची कादंबरी मिळाली नाही. ही लेखकावरील टीका नव्हे. कोणता प्राणी कादंबरीला पात्र वाटतो, याविषयीच्या आपल्या सामूहिक अभिरुचीची ती खूण आहे.

चितमपल्ली वनाधिकारी होते. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या लेखनाने मराठीला रानातील शब्दसंपत्ती दिली. पारधी, गोंड, कोळी यांच्याकडील ज्ञान त्यांनी ज्ञान म्हणूनच नोंदवले, ही त्यांची कामगिरी असामान्य आहे. हंसदेव या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. शिकारीस निघालेल्या राजाला प्राण्यांचे सौंदर्य जाणवले आणि त्या जाणिवेतून हा ग्रंथ सिद्ध झाला, अशी त्याची जन्मकथा आहे. सोपाऱ्याच्या शिलाखंडाशी हिचे नाते उघड आहे. मात्र चितमपल्ली यांच्या लेखनाचा ओढा प्रामुख्याने घनदाट अरण्य, सरोवरे आणि पक्षी यांच्याकडे राहिला. नवेगावबांधचा परिसर त्यांच्यामुळे मराठी मनात कायमचा वसला. नान्नजच्या उघड्या माळाला तसे भाग्य लाभले नाही. मराठी निसर्गलेखनाने जंगलाला सौंदर्य बहाल केले आणि माळाला ओसाडपणाची उपमा म्हणूनच ठेवले, असे विधान या दोन थोर लेखकांच्या आधारे सावधपणे करता येते.

लिओपोल्ड यांचे प्रतिमान आणि त्याची मर्यादा

हरिण, लांडगा आणि शिकारी या त्रयीचा विचार करताना अमेरिकन वनशास्त्रज्ञ अल्डो लिओपोल्ड यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात तरुणपणी मारलेल्या एका लांडगीची आठवण आहे. लांडगे कमी तर हरणे जास्त आणि लांडगे नाहीत तर शिकाऱ्यांचा स्वर्ग, अशी त्यांची तेव्हाची समजूत होती. मरणाऱ्या लांडगीचे डोळे पाहताना या समजुतीला तडा गेला. पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणे बेसुमार वाढून झाडोरा फस्त झालेला त्यांनी पाहिला. येथे तिऱ्हाइताची दखल प्रथमच शिकाऱ्याच्या आत्मपरीक्षणातून घेतली गेली, म्हणून हा निबंध महत्त्वाचा आहे. आजही अमेरिकेत हा वाद मिटलेला नाही. विस्कॉन्सिन राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये परवानाधारक शिकाऱ्यांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा ठरली असताना तीन दिवसांत २१८ लांडगे मारले गेले.

तथापि लिओपोल्ड यांचे प्रतिमान दख्खनला जसेच्या तसे लावणे ही मोठी चूक ठरेल. तेथे लांडगे संपले आणि हरणे वाढली. येथे दोघेही एकाच वेळी घटले, कारण दोघांच्या पायाखालचा माळच नांगराखाली, कालव्याखाली, कारखान्याखाली आणि वृक्षारोपणाखाली गेला. तेथील हरणाची शिकार ही परवान्याची, हंगामाची आणि मांस घरी नेण्याची कायदेशीर प्रथा आहे. येथे ती गुन्हा आहे. तेथील लांडग्यासमोर प्रामुख्याने रानातली हरणे होती. येथील लांडगा शतकानुशतके मेंढरांच्या कळपाशेजारी जगत आला. येथील त्रयी हरिण, लांडगा आणि शिकारी एवढीच नाही. तिच्यात मेंढपाळ व शेतकरी मिळवल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. संरक्षणानंतर काही भागांत काळविटांची संख्या वाढली आणि ती ज्वारी, हरभऱ्याच्या पिकांत उतरू लागली. रेहेकुरीसारख्या इवल्याशा अभयारण्याभोवतीच्या शेतकऱ्याला दुष्यंत-शकुंतलेचे हरिण पाहण्याची फुरसत नसते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची पद्धत सुलभ करण्यात आली. काळविटांबाबतही अशी मागणी अधूनमधून होते. या मागणीचा विचार करताना तिऱ्हाइताचा हिशेब मांडला जात नाही, हा येथील आक्षेप आहे. काळवीट आवरणारा जो नैसर्गिक घटक माळावर होता, त्याला आपणच मेंढीचोर ठरवून मारले आणि आता त्याचे काम बंदुकीकडे सोपवू पाहतो.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, शिकारीचे समर्थन आणि शिकारीचा निषेध या दोन्ही परंपरांनी हरणाला केंद्रस्थानी ठेवले आणि लांडग्याला चौकटीबाहेर. करुणेचा विस्तार सुंदर सावजापर्यंत झाला, भुकेल्या भक्षकापर्यंत झाला नाही. दुसरा असा की, लांडग्याच्या मुलखातील हरणाची शिकार ही केवळ एका प्राण्याची हत्या नसते; ती लांडग्याला मेंढवाड्याकडे ढकलते आणि तिचा भार अखेरीस मेंढपाळावर पडतो. तिसरा असा की, शिकारबंदीचे कायदे करताना शौकाची शिकार आणि पोटाची शिकार यांतील भेद पुसला गेल्याने पारध्याचे ज्ञान गुन्ह्यात जमा झाले. या ज्ञानाचा माळरान राखण्याच्या कामी सन्मानाने उपयोग होणे अजून बाकी आहे. चौथा निष्कर्ष मराठी समीक्षेसाठी आहे. निसर्गलेखनाची समीक्षा आजवर वर्णनशैली, शब्दकळा आणि लेखकाची संवेदनशीलता यांभोवती फिरत राहिली. कोणता प्रदेश वर्णनाबाहेर राहिला आणि कोणत्या प्राण्याला आवाज मिळाला नाही, हा प्रश्नही तिने विचारला पाहिजे.

आज लांडग्यासमोर बंदुकीपेक्षा वेगळी संकटे उभी आहेत. माळ तुटत चालला आहे, उकिरड्यांवर भटकी कुत्री वाढली आहेत. पुणे परिसरात लांडगा व कुत्रा यांच्या संकराचे अनुवंशशास्त्रीय पुरावेही अलीकडे मिळाले आहेत. मेंढरांच्या नुकसानीची भरपाई देण्याची शासकीय तरतूद आहे आणि तीत लांडग्याचाही समावेश आहे; परंतु फिरत्या मेंढपाळाला मुदतीत कळवणे, पंचनामा करून घेणे आणि पुन्हा त्याच कचेरीत येणे अवघड जाते. ज्या दिवशी ही भरपाई वाड्यावर, वेळेवर पोहोचेल, त्या दिवशी ‘वाटा’ या जुन्या शब्दाला शासनाची जोड मिळेल.

सोपाऱ्याचा शिलाखंड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. एका राजाने मृगया सोडल्याची ती नोंद तुळिंज-सोपारा परिसराचा अभिमानाचा वारसा आहे. महाविद्यालयीन वर्गात हा लेख इतिहासाच्या तासाला शिकवला जातो, ‘शाकुंतल’ साहित्याच्या तासाला आणि अन्नसाखळी जीवशास्त्राच्या तासाला. हे तीन तास एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून विद्यार्थ्याला हरिण तीन वेळा भेटते आणि लांडगा एका आकृतीपुरता. शिकार कोणी सोडली हे या शिलाखंडावरून कळते. ती सोडल्यावर माळ कोणासाठी राखायचा, या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी मिळून शोधावयाचे आहे.